आयर्विनचा आकडा आणि घराची पायरी

पावसाळा भरात आला आणि कोयना धरणातून विसर्ग सुरू झाला, की सांगलीत रस्त्यात भेटलेली माणसं एकमेकांना आधी एकच विचारतात, ‘आयर्विनला किती?’ उत्तर येतं, ‘सकाळी अडतीस होतं, चढतंय.’ एवढ्यावर दोघांनाही सगळं कळतं. आयर्विन हा कृष्णेवरचा पूल, 1929 सालचा. तिथं पाण्याची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टात हाच आकडा 57 च्याही वर गेला आणि शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्यात राहिला.

आता जरा विचार करा. आकडा एकच, तोही पुलापाशी मोजलेला. घरं मात्र हजारो. कुणाचं दत्तनगरात, कुणाचं गावभागात, कुणाचं नदीपासून चांगलं दोन किलोमीटर लांब. पुलाजवळच्या त्या एका आकड्यावरून आपल्या घराच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागणार की नाही, हे कसं सांगायचं?

जुन्या माणसांना ते सांगता येतं. ‘2005 ला आयर्विनला त्रेपन्नच्या पुढं गेलं होतं, तेव्हा आपल्या चौथ्या पायरीला लागलं होतं. अजून अवकाश आहे, पण ट्रंका वर चढवून ठेवा.’ हे वाक्य साधं वाटतं, पण आजोबांनी त्यात केवढं मोठं काम केलंय बघा! एक पातळी आणि एक जागा अशा दोन वेगवेगळ्या गोष्टी त्यांनी डोक्यात एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत. आजोबांना हे स्वतःच्या घरापुरतं जमतं. समजा, सांगलीतल्या प्रत्येक घरासाठी, साताऱ्यातल्या प्रत्येक डोंगरउतारासाठी, जतच्या प्रत्येक ओढ्यासाठी अशी गाठ बांधता आली तर? ती बांधता येते. त्या विद्येला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात, आणि कामाच्या बोलण्यात सगळे जीआयएस म्हणतात.

नाव जड आहे, पण तिचं मर्म तुमच्या घरातच घडी घालून ठेवलेलं असेल. वाकळ शिवताना पाहिली आहे ना? आजीच्या जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरायचे आणि वरून दोरा घालायचा. एकेक टाका सगळ्या पदरांतून आरपार जातो. वरच्या हिरव्या लुगड्यावरचा ठिपका आणि तळाच्या धोतराचा तुकडा त्या एका टाक्याने कायमचे जोडले जातात.

जीआयएस म्हणजे अशीच वाकळ. एक पदर नद्या-ओढ्यांचा. एक जमिनीच्या उंचीचा. एक गट नंबरांचा, एक घरांचा, एक रस्त्यांचा, एक काल पडलेल्या पावसाचा. हे पदर वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या काळात, एकमेकांना न विचारता विणलेले असतात. त्यांना आरपार जोडणारा टाका एकच, ‘कुठे?’

‘कुठे’ या एका शब्दात एवढी ताकद असते? 1854 साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मृत्यू कुठल्या घरांत झाले, ते नकाशावर मांडलं आणि त्याच नकाशावर पाण्याचे पंप दाखवले. पदर फक्त दोन! पण मृत्यूंच्या खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. मृतांच्या यादीत पंप नव्हता, पंपांच्या यादीत मृत्यू नव्हते. दोन याद्या एकाच जागी आल्या आणि दोन्हींत नसलेली तिसरी गोष्ट समोर आली. पुढे 1960 च्या दशकात कॅनडातल्या रॉजर टॉमलिन्सन यांनी हेच पदर संगणकात घातले. अवाढव्य देशाच्या जमिनीची मोजदाद करायची होती, आणि पारदर्शक कागदावर काढलेले नकाशे हाताने एकावर एक ठेवून ते काम संपणारं नव्हतं. जीआयएस हे नाव त्यांचंच.

आता टाक्याकडे वळू, कारण खरी करामत तिथेच आहे. संगणकाला ‘पिंपळाच्या पाराशेजारी’ कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला दोन आकड्यांचं नाव दिलेलं आहे, अक्षांश आणि रेखांश. सातारा शहर जवळजवळ 74 अंश पूर्व रेखांशावरच वसलं आहे, आणि सांगली त्याच्या आग्नेयेला, 17 अंश अक्षांशाच्या किंचित खाली. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. मग दशांशचिन्हापुढे एकेक आकडा वाढवत जा. जागा दर वेळी दहापट बारीक होते. सहाव्या आकड्याला ती वीतभराच्याही आत येते! पृथ्वीच्या पाठीवरची वीतभर जागा, तीही दोन आकड्यांत.

आणि हे आकडे तुमच्या खिशातला फोन शोधून काढतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत सांगत असतात, ‘मी इथे आहे आणि आता इतके वाजलेत.’ तो निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. कुठला निरोप किती उशिरा आला, यावरून कुठला उपग्रह किती लांब आहे ते कळतं. असे चार उपग्रह मिळाले की जागा पक्की. वेळेत सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरची चूक होते, म्हणजे तुम्ही तुमच्या रानात उभे असाल आणि फोन तुम्हाला शेजाऱ्याच्या विहिरीपलीकडे दाखवेल. म्हणून त्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. काळ मोजायचं यंत्र जागा सांगतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आकडे मिळाले. पण आपले जुने नकाशे या आकड्यांच्या भाषेत बोलतात कुठे? भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा आठवा. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटत आलेला, पण प्रत्येक बांध जपणारा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत मोजणीदारांनी साखळ्या ओढत रानोमाळ हिंडून या नकाशांचा पाया घातला. आपला गुंठा त्या मोजमापातला. 33 फूट लांब, 33 फूट रुंद. असे 40 गुंठे म्हणजे एकर. हा 33 चा आकडा ध्यानात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

असा कागद संगणकात आणायचा तर आधी त्यावरच्या काही पक्क्या जागा धरायच्या. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनं देऊळ, न बदललेला रस्त्याचा फाटा. त्या जागी प्रत्यक्ष जाऊन अक्षांश-रेखांश घ्यायचे. मग कागदावरची खूण आणि जमिनीवरची जागा एकमेकींवर बसेपर्यंत आख्खा नकाशा किंचित ताणायचा, किंचित फिरवायचा. चुरगळलेला पदर वाकळीवर अंथरताना चारी कोपरे धरून ओढतात ना, अगदी तसंच. आणि मग शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची शाईची रेघ आजच्या उपग्रहचित्रातल्या उसाच्या बांधावर येऊन बसते!

संगणकात गेल्यावर या नकाशात तीनच आकार उरतात. विहीर म्हणजे बिंदू, ओढा म्हणजे रेषा, गट म्हणजे बंद आकृती. प्रत्येक आकाराच्या पाठीशी माहितीची एक ओळ बांधलेली असते. त्यामुळे नकाशाला चक्क प्रश्न विचारता येतात. ‘ओढ्यापासून 200 मीटरच्या आतल्या विहिरी कोणत्या?’ विचारा, आणि तेवढ्याच विहिरी उजळतात. भिंतीवरचा नकाशा आपण बघतो. हा नकाशा उत्तर देतो.

पण पाणी गट नंबर बघून वाहत नाही. त्याला उंची कळते. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा पदर उंचीचा. तो कुठून आला? 2000 सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर हे अंतराळयान 11 दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याच्या पोटात एक रडार होतं आणि 60 मीटर लांब दांडीच्या टोकाला दुसरं. आपल्याला दोन डोळे असल्यामुळे खोली कळते, तशी या दोन डोळ्यांनी जमिनीची उंची जोखली. अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या सुमारे 80 टक्के जमिनीची! अजिंक्यतारा त्यात आला, दंडोबाचा डोंगर आला, तुमच्या घरामागची टेकडीही आली.

ही उंची साधारण 30 मीटरच्या चौकोनांत मिळते. एका चौकोनात जवळजवळ नऊ गुंठे. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून असे दोन कोटींहून जास्त चौकोन होतात, आणि प्रत्येकात एकच आकडा, समुद्रसपाटीपासूनची उंची. एवढ्याच सामग्रीवर संगणक इथल्या कृष्णाखोऱ्यातल्या नद्या शोधून काढतो. त्याला नदी कुठे आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

कसं? तो प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारतो, ‘तुझ्या आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात तीव्र उतार कुणाकडे?’ त्याच्याकडे बाण काढतो. दोन कोटी चौकोन, दोन कोटी बाण. मग दुसरा प्रश्न, ‘तुझ्याकडे किती चौकोनांचं पाणी येतं?’ डोंगरमाथ्यावरचा चौकोन म्हणतो, ‘फक्त माझं.’ उतारावरचा म्हणतो, ‘चाळीसांचं.’ घळीतला म्हणतो, ‘पाच हजारांचं.’ ज्यांचा आकडा मोठा तेवढेच चौकोन रंगवा. पडद्यावर हळूहळू एक झाड उमटतं, बारीक डहाळ्या, फांद्या आणि खोड. ती वेण्णा, ती उरमोडी, ती कोयना आणि ते खोड म्हणजे कृष्णा! एका साध्या प्रश्नाच्या पोटातून आख्खी नदी जन्माला येते.

याच बाणांनी दुसरं एक नवल दिसतं. महाबळेश्वरच्या पठारावर दोन थेंब शेजारी-शेजारी पडले, तर एक सावित्रीतून अरबी समुद्राला जाईल आणि दुसरा कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला. कृष्णा आणि कोयना याच माथ्यावरून निघतात, वेगवेगळ्या दऱ्यांनी जातात आणि कराडच्या प्रीतिसंगमावर समोरासमोर भेटतात. तिकडे माण तालुक्यातला थेंब माणगंगेतून भीमेला जातो, आणि भीमा पार रायचूरजवळ कृष्णेला मिळते. बाण कुठे फुटतात ती रेघ म्हणजे जलविभाजक, आणि एका नाल्याकडे येणारे सगळे बाण म्हणजे त्या नाल्याचं पाणलोट क्षेत्र.

आता जा कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावात. 2016 साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत या गावाने श्रमदानाच्या जोरावर पहिला क्रमांक पटकावला. पाणलोटाच्या कामाचं सूत्र ‘माथा ते पायथा’. आधी माथ्यावर समतल चर, मग उतारावर बांध, शेवटी खाली नाल्यात काम. चर खणताना दोघं जण पाण्याची नळी घेऊन उभे राहतात. दोन टोकांतलं पाणी एका पातळीत आलं की दोन्ही जागा एका उंचीच्या. तिथे फक्कीची खूण. अशा खुणा जोडत गेलं की डोंगराला समपातळीची रेघ पडते. अंतराळयानाने 60 मीटरची दांडी लावून जे जोखलं, तेच इथे दोन माणसं नळीतल्या पाण्याकडे डोळे लावून जोखतात. जीआयएस सांगतं कुठल्या उतारावर किती पाणी येईल, आणि कुदळ कुठे मारायची ती नेमकी वीत नळी दाखवते.

चला, आयर्विनला परत येऊ. मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते ठाऊक असलं की प्रत्येक फुटाची खरी उंची कळते. आता वाकळीतले पदर उलगडा. खाली जमिनीची उंची, वर नाले, त्यावर घरं. पाण्याचा पदर फुटाफुटाने वर चढवा आणि कुठल्या फुटाला कुठली घरं ओली होतात ते बघा. गंमत अशी की पाणी नदीकाठावरून रांगेने पुढे येत नाही. ते नाल्यांतून उलटं आत शिरतं. त्यामुळे काठावरच्या उंचवट्यावरचं घर कोरडं असतं आणि लांबच्या सखल वसाहतीत गुडघाभर पाणी येतं. ‘आम्ही नदीपासून लांब राहतो’ हे वाक्य किती फसवं आहे, ते हा नकाशा पाहिला की कळतं. अर्थात नदीचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं सपाट नसतं, त्याला उतार असतो, वेग असतो. हरिपूरला वारणा येऊन मिळते, तिच्या पाण्याचाही रेटा असतो. खरं गणित हे सगळं धरून चालतं. पण पाया तोच, एकावर एक पदर.

आणि पूर आलाच, तर तो किती पसरलाय हे बघायचं कसं? आभाळ भरलेलं, रस्ते बंद. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली ढगच दिसतात. इथे रडार धावून येतं. रडारच्या लहरी ढगांतून, पावसातून, अंधारातून आरपार येतात. खडबडीत जमिनीवर आपटून त्यातल्या काही परत फिरतात, म्हणून जमीन उजळ दिसते. पण संथ पाणी आरशासारखं असतं. लहरी त्यावरून घसरून पलीकडे निघून जातात, उपग्रहाकडे काहीच परतत नाही, म्हणून पाणी काळंभोर दिसतं. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापूरचे पूरनकाशे अशाच रडारचित्रांवरून तयार झाले. ज्या दिवसांत सांगलीकराला सूर्य दिसत नव्हता, त्या दिवसांत शेकडो किलोमीटर उंचीवरून त्याची गल्ली दिसत होती!

पूर ओसरला, ऊन पडलं, आता उसाकडे बघू. कारखान्याचा चिटबॉय बांधावर येतो, आडसाली की खोडवा ते विचारतो, लागणीची तारीख लिहून घेतो. उपग्रह याच फडाकडे आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात बघतो. पान लाल प्रकाश गिळतं, कारण त्यावर ते अन्न शिजवतं. पण लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निरोगी पान जोराने परत फेकतं. पीक सुकू लागलं की हा हिशोब बिघडतो. या दोन प्रकाशांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एक आकडा मिळतो, आणि तो जणू पिकाची नाडी सांगतो. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह दर पाच दिवसांनी ही नाडी बघतात. त्यांच्या चित्रातला एक ठिपका असतो 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद.

आठवतोय का तो 33 चा आकडा? 33 फूट म्हणजे 10.06 मीटर. म्हणजे 786 किलोमीटर उंचीवरून टिपलेल्या चित्रातला एक ठिपका जवळजवळ नेमका एक गुंठा! निव्वळ योगायोग आहे, पण केवढा देखणा. साखळी ओढणाऱ्या मोजणीदाराची आणि अंतराळातल्या डोळ्याची एकाच मापावर गाठ पडली. आणि 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच रानात उभा राहून फोनवर पिकाचा फोटो काढतो, तेव्हा त्या फोटोला जागेचे आकडेही चिकटलेले असतात. म्हणजे वाकळीत एक टाका आता शेतकऱ्याच्या हातचा आहे.

हे पदर जीवही वाचवू शकतात. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावावर दरडी कोसळल्या, माणसं गेली. उताराचा पदर, मातीच्या जाडीचा, झाडोऱ्याचा, पावसाचा आणि वस्तीचा. हे पाच पदर एकावर एक ठेवले, तर कुठल्या उतारापाशी थांबून काळजी करायची ते आधी कळतं. दरड कुठल्या तासाला सुटेल हे नकाशा सांगणार नाही. पण मुसळधार पावसाच्या रात्री कुठल्या वाडीला आधी हलवायचं, हे तो सांगू शकतो. त्या रात्री याहून मोलाची माहिती दुसरी कुठली?

आणि एवढे उपग्रह, एवढे कोट्यवधी चौकोन झाल्यावर नकाशा खरा आहे की नाही, हे कशावर ताडून बघायचं? जुन्या भिंतीवरच्या रेघेवर! संगणकाने म्हटलं, 2019 ला या घरात चार फूट पाणी होतं, तर माणूस पट्टी घेऊन त्या घरात जातो आणि ओलीने सोडलेली खूण मोजतो. जुळली तर गणित बरोबर, नाही तर पुन्हा मांडा.

म्हणून पुढच्या खेपेला आजोबा पायरीकडे बोट दाखवून सांगू लागले, की तिथे खडूने रेघ मारा आणि शेजारी साल लिहा. मग फोन काढून त्या पायरीचे दोन आकडे टिपून घ्या. एवढ्या मोठ्या वाकळीत नेमका तो टाका राहिला असेल.